तिरपा धरलेला कॅमेरा

कुणाच्याही घरी गेलो की मी आधी भिंतीकडे पाहतो. कॅलेंडर, देवाचा फोटो, घड्याळ, यातलं एक तरी वाकडं असतंच. घरधनी आत चहाचं सांगायला गेला की मी उठून ते सरळ करतो. एकदा सोयऱ्यांच्या घरी असाच स्टुलावर चढलेला सापडलो, तेव्हापासून बायको मला चारचौघांत 'पाणसळ' म्हणते. गवंडी विटांच्या थरावर ठेवतो ती, बुडबुडा मधोमध आला की थर सरळ असं सांगणारी. "आमची पाणसळ येऊन राह्यली, आता तुमच्या भिंतीचं काई खरं नाही," असं ती बायकांना आधीच सांगून ठेवते आणि त्या हसतात. मी हसत नाही. वाकडी चौकट पाहिली की माझं डोकं उठतं, त्याला मी काय करू?

वडील कोर्टात कारकून होते. कागद आखताना रूळ केसभर सरकला तरी अख्खा कागद फाडायचे आणि पुन्हा बसायचे. मी त्यांचा हा रोग घेतला, नोकरी तेवढी घेतली नाही. दिग्रसला बसस्टँडजवळच्या एका स्टुडिओत वस्तादांच्या हाताखाली लागलो, तर घरात महिनाभर कुणी माझ्याशी धड बोललं नाही. वस्तादही कमीच बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट सांगितली. "माणूस हललं तं चालते बापू, जमीन नाही हलली पाह्यजे." दाराची चौकट, विजेचा खांब, असं काहीतरी उभं शोधायचं, त्याला फ्रेमची कड लावायची आणि मग माणसाकडे पाहायचं. आता कॅमेऱ्याच्या पडद्यावरच रेघ येते. कॅमेरा कलला की ती लाल होते, सरळ झाला की हिरवी. मी तरी अजून आधी चौकटच शोधतो.

वस्तादांच्या मागे ते दुकान मी चालवतो. बावीस वर्षांत माझ्या दुकानातून एक तिरपा फोटो बाहेर गेला नाही, असं मी लग्नाच्या ऑर्डरी घेताना छातीठोकपणे सांगत असे. आता सांगत नाही. एक गेला, आणि तो मी जाणूनबुजून तिरपा काढला होता.

वैशाखातली गोष्ट. सकाळी साडेआठला शटर वर करतो न करतो तोच एक माणूस मोटरसायकलवर आला. दारव्ह्याच्या रस्त्यानं आत गेलं की बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो, तिथला. त्याच्या मोठ्या पोरीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते, म्हणून ओळख होती. गाडी उभी न करताच म्हणाला, "भाऊ, चाला. माय गेली. रातच्याले झोपली, ते उठलीच नाही."

आमच्याकडे हे काम नवीन नाही. माणूस गेलं की उचलण्याआधी घरचे शेवटचा एक फोटो काढून घेतात. आंघोळ घालतात, चांगले कपडे घालतात, खुर्चीत बसवतात आणि भोवती उभे राहतात. मोठ्या शहरातले लोक हे ऐकून नाक मुरडतात. मुरडोत बापडे. ज्या बाईचा आधार कार्डाशिवाय जन्मात फोटो नाही, तिच्या लेकरांनी भिंतीवर काय लावायचं? आधारवरचा चेहरा तर पोलिसांनी पकडून आणल्यासारखा असतो.

तांड्यावर पोचलो तेव्हा म्हातारीला अंगणात, सकाळचं ऊन येतं त्या भिंतीशी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. आता तिथल्या सुना साड्या नेसतात. जुना पोशाख न सोडलेल्या चार-दोन म्हाताऱ्या उरल्या होत्या, त्यातली ही. लाल घेरदार फेटिया म्हणजे घागरा, कांचळी म्हणजे चोळी, वरून आरसे टाकलेली ओढणी. सुनेनं सगळं नीट घातलं होतं आणि ती बाजूला उभी राहून "याडी, ए याडी" करून रडत होती. याडी म्हणजे आई; सासूलाही ती तशीच हाक मारायची. ओढणीच्या आरशांवर ऊन पडून भिंतीभर कवडसे झाले होते.

पण म्हातारी उजवीकडे कलली होती. कुशीवर झोपेतच गेली आणि अंग तसंच आखडून राहिलं. काखेत उशी दिली, मागून सुनेनं धरून पाहिलं, एका म्हाताऱ्यानं मान सरळ करून पाहिली. हात सोडला की पुन्हा तेच. डोळेही पुरते मिटलेले नव्हते.

मी सवयीनं पहिला फोटो काढला. मागच्या दाराची चौकट पाहिली, हिरवी रेघ आली, बटण दाबलं. पडद्यावर पाहिलं तर एक मेलेली बाई. दुसरं काहीही त्यात दिसत नव्हतं.

मुलगा माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. त्यानंही पाहिलं.

"भाऊ, अशी नोको," तो म्हणाला. "माह्यी बहीण उमरखेडकडं देल्ली हाय. आत्ता कुठी फोन लागला तिले. पुसदवरून गाडी भेटून थे येते कवा अन् काय. उन्हाचे दिवस, सारे म्हणून राह्यले बारा वाजेपर्यंत उचला. तिले मायचं तोंड नाही दिसलं तं मंग ह्या फोटोतच दिसन. मेल्यासारखी नोको दिसू देऊ."

तेव्हा मला जे सुचलं ते सुचलं. म्हातारी जेवढी कलली होती तेवढाच मी कॅमेरा कलवला. रेघ लाल झाली आणि लालच राहिली. खुर्ची, दार, भिंत, बाजूला उभा असलेला मुलगा, सगळं एका अंगाला झुकलं आणि म्हातारी सरळ बसली. तोंडावर ऊन, डोळे किलकिले, ओढणी चमकते आहे. मी बटण दाबलं. मनात जरासुद्धा शंका आली नाही, हे आठवलं की आज मला माझाच राग येतो.

दुकानात आल्यावर कंबरेपासून वरचा भाग ठेवला. झुकलेलं दार कापलं, झुकलेला मुलगा कापला, मागे आकाशी रंग टाकला. बायको डबा घेऊन आली होती, ती बघतच राहिली. "अव माय, ही तं आत्ता बोलन!" म्हणाली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. मुलगा मोठी फ्रेम न्यायला आला तेव्हा त्याला विचारून मी एक प्रत स्वतःसाठी काढली आणि दुकानाच्या काचेआड लावली. ती पाहून लोक आपल्या घरच्या म्हाताऱ्यांचे फोटो घेऊन यायला लागले.

राखीपौर्णिमा होऊन आठवडा झाला असेल, तेव्हा तो पुन्हा आला. या वेळी गाडी नीट उभी केली, आत आला आणि काचेआडच्या आईकडे पाठ करून बसला. मी चहा मागवला. चहा निवल्यावर त्यानं सांगितलं ते असं.

त्या दिवशी बहीण पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. चिता अर्धी जळलेली. ती रडली, पडली, बायकांनी सांभाळली, इथवर सगळं जगरहाटीप्रमाणे झालं. तेरवीला फोटो भिंतीवर लागला, हार घातला. तिनं तो फोटो पाहिला आणि तिचं रडणंच थांबलं.

"म्हणते, माय उन्हात बसेल हाय. सकाळच्या उन्हात रोज अशीच डोळे बारीक करून बसे, तशीच बसेल हाय. चांगला फेटिया घालेल हाय. मेलेलं माणूस कधी सरळ बसते काय? म्हणते, माय जाऊन राह्यली हे तुमाले माहीत होतं. फोटोवाल्याले बोलावाले तुमच्यापाशी टाइम होता, मले बोलावाले नव्हता."

"मग तुम्ही सांगितलं नाही, गेल्यावर काढला म्हणून?"

"सारा तांडा सांगून राह्यला तिले. म्हणते, सारा तांडा तुह्याकडून हाय." त्यानं कप खाली ठेवला. "राखी नाही पाठोली, भाऊ. पन्नाशीले आलो मी, असं कधीच नाही झालं. तुमच्यापाशी थो पह्यला असन ना, कललेला? थो तिले दाखवा."

मी म्हटलं, आत्ता तुमच्या मोबाइलवर पाठवतो. त्यानं मान हलवली. "माह्या हातून नाही चालत. म्हणन, बनवून आणला. तुमी परके हा, तुमचं ऐकन. एक डाव जाऊन या."

जातो म्हणालो. आणि गेलो नाही.

उमरखेड म्हणजे काही काशी नाही. पुसदला गाडी बदलली की दुपारपर्यंत माणूस पोचतो. पण आधी गणपती आले, मग देवीच्या मंडळांचं काम, मग दिवाळी, मग लग्नसराई. निमित्तांना काय तोटा? खरं कारण वेगळं होतं. मला लाज वाटत होती. ज्या फोटोसाठी लोक माझी पाठ थोपटत होते, तो लबाडीचा आहे हे एका बाईला तिच्या दारात उभं राहून सांगायचं होतं. भीतीही वाटत होती, आणि ती बहिणीची नव्हती.

एका दुपारी गिऱ्हाईक नसताना मी मूळचा, न कापलेला फोटो कॉम्प्युटरवर उघडला. दार झुकलेलं, भिंत झुकलेली, मुलगा आत्ता कोसळेल असा झुकलेला, भिंतीशी टेकवलेली खाटसुद्धा. त्या सगळ्यांत एकटी म्हातारी ताठ बसून माझ्याकडे बघत होती. जिवंत माणसं पडताहेत आणि मेलेली बसली आहे. मी तो बंद केला, पण तो बंद झाला नाही. लग्नात स्टेजवर नवरानवरी उभे केले, हिरवी रेघ आली, तरी मला ते दोघं कललेले दिसायचे. मग मी माझ्या डोळ्यांनी सरळ करायला जायचो. एका घरचा अख्खा अल्बम असा गेला की मांडवाचे सगळे खांब डावीकडे पडताहेत. पोरीचा बाप तो घेऊन दुकानात आला आणि टेबलावर आपटून म्हणाला, "काहून हो, पिऊन काढले का?" मी जन्मात दारूला शिवलो नाही.

बायकोनं मला पाणसळ म्हणणं सोडलं. तिला काय ते माहीत नव्हतं, पण माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळत असावं. घरातलं कॅलेंडर महिनाभर वाकडं लटकत होतं आणि मी ते पाहून न पाहिल्यासारखं करत होतो.

मग पौषात एका सकाळी मी शटर वर केलं आणि तिथंच थांबलो. जिनिंगला कापूस नेणाऱ्या गाड्या त्या दिवसांत रात्रभर समोरून जातात, दुकानाच्या भिंतीही हादरतात. काचेआडच्या फ्रेमचा एका बाजूचा खिळा निघाला होता आणि फ्रेम एका अंगाला फिरली होती. किती, तर बरोबर तेवढीच. म्हातारी उजवीकडे कलली होती, मान पडलेली, डोळे अर्धे उघडे. आकाशी रंगापुढे, माझ्या दुकानाच्या काचेत, एक मेलेली बाई बसली होती.

बाजूचा चहावाला म्हणाला, "काय भाऊ, फोटो वाकडा झाला ना तुमचा!" त्याला वाटलं मी आता झडप घालून तो सरळ करीन. बावीस वर्षं मी जगाच्या भिंती सरळ करत आलो, पण त्या दिवशी माझा हात त्या चौकटीपर्यंत गेला नाही. सरळ केली असती तर ती पुन्हा उठून बसली असती. मी चक्क भ्यालो होतो.

मी घरी परत गेलो आणि बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "आजच जा," एवढंच म्हणाली आणि भाकरी बांधून दिली. मी दुकानातून पहिल्या फोटोची, हिरव्या रेघेच्या फोटोची, पोस्टकार्डाएवढी प्रत काढली, पाकिटात घातली आणि पुसदची गाडी धरली. निघताना काचेवर आतून वर्तमानपत्र चिकटवलं.

बहिणीचा तांडा उमरखेडपासून थोडा आत आहे. दुपारी पोचलो तेव्हा ती अंगणात तुरी पाखडत बसली होती. डोक्यावर पदर, तोंडावर ऊन, डोळे बारीक केलेले. ओळख पटवायची गरजच नव्हती, आईचंच तोंड होतं. मी कोण ते सांगितलं. तिचं सूप थांबलं.

"तुमीच का थे फोटोवाले," ती म्हणाली. मला वाटलं आता ही शिव्या देईल, आणि मी त्या खायला तयार होऊन गेलो होतो. पण ती उठली, तांब्याभर पाणी आणलं, खाट टाकून दिली आणि समोर जमिनीवर बसली. मग इकडेतिकडे पाहून हळू आवाजात म्हणाली, "लय दिवसापासून तुमाले इचारीन म्हणतो. फोटो काढतानी माय काई बोलली का? माह्यं नाव घेतलं का तिनं?"

मी सगळी वाट मनात घोकत गेलो होतो, पण हा प्रश्न माझ्या धड्यात नव्हता. आठ महिने ही बाई माझी वाट पाहत होती, तिच्या आईचे शेवटचे शब्द माझ्यापाशी आहेत म्हणून. खोटं बोलणं किती सोपं होतं. हो ताई, घेतलं, असं म्हणालो असतो तर तिच्या तोंडावर काय उमटलं असतं ते मला डोळ्यांपुढे दिसत होतं. एक खोटं मी आधी बोललोच होतो, कॅमेऱ्यानं. मी पाकीट काढून तिच्या हातात दिलं.

तिनं फोटो बाहेर काढला. पुष्कळ वेळ पाहिला. मी सांगत होतो, त्या गेलेल्या होत्या ताई, अंग आखडलं होतं, मी कॅमेरा तिरपा धरला, तुमच्या भावानं तुमच्यासाठीच सांगितलं होतं, मेल्यासारखी दिसू देऊ नका म्हणून. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. तिनं फोटो दोन्ही हातांत धरला आणि हळूहळू फिरवला, म्हातारी सरळ बसेपर्यंत. थांबली. मग पुन्हा फिरवला, दार सरळ होईपर्यंत. म्हातारी कलली. पुन्हा फिरवला. आई बसली. पुन्हा फिरवला. आई गेली. असं तिनं किती वेळा केलं मी मोजलं नाही. मला तिच्या हातांकडे पाहवत नव्हतं आणि दुसरीकडे पाहणं बरं दिसलं नसतं.

शेवटी दार सरळ ठेवून तिनं फोटो मांडीवर पालथा केला.

"मंग काई बोललीच नसन," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही बोलल्या."

"म्या भावाले काय काय बोलली." ती तुरीकडे पाहत होती. "त्याच्यावर राग धरला तं वाटे, त्या सकाळी माय होती. उन्हात बसेल होती. मी नव्हती तिथी, पण थे होती. आता काय, थे नव्हतीच. तुमी आज मारली तिले, भाऊ."

मी मान खाली घातली. ती खरं बोलत होती. मग ती म्हणाली, "भियाले फोन लावा." भावाला ते लोक भिया म्हणतात. "माह्या फोनवरून नोको. माह्यं नाव पाहून त्याले धाक पडन."

मी लावला. त्यानं लगेच उचलला, माझं नाव पाहून. "हाव भाऊ, बोला." मी काही न बोलता फोन तिच्या हातात दिला. तिनं तो कानाला लावला. पलीकडून तो हॅलो, हॅलो करत होता ते मला ऐकू येत होतं. मग ती बोलली, माझ्यासमोर पहिल्यांदाच त्यांच्या बोलीत.

"भिया, याडी मरगी."

ज्यानं आठ महिन्यांपूर्वी स्वतःच्या हातानं आईला अग्नी दिला होता, तो माणूस पलीकडे ही बातमी आत्ताच कळल्यासारखा मोठ्यानं रडायला लागला.